पेला आणि घडीचा चाकू

मद्य आणि चाकू हे दोन शब्द एकाच वाक्यात आले, की वाचकाला वर्तमानपत्रातील गुन्हेवार्तांचा रकाना आठवावा, हे साहजिक आहे. हिंदी चित्रपटांनी रामपुरी चाकू खलनायकाच्या हाती दिला आणि पेलाही त्याच्याच टेबलावर मांडला. त्यामुळे या दोन वस्तूंविषयी आम्ही स्नेहाने लिहू लागलो, तर काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही लिहावेसे वाटते. आमच्या शहरात, पूर्वीच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आम्ही पाच स्नेही महिन्यातून एकदा जमतो. त्या संध्याकाळी या दोन्ही वस्तू टेबलावर असतात, आणि त्या एकमेकींना फार चांगल्या प्रकारे सांभाळतात, असा आमचा अनुभव आहे.

खिशातला घडीचा चाकू ही मुळात गुंडाची वस्तू नव्हे. ती लेखनिकाची आणि शेतकऱ्याची. बोरूने लिहिणाऱ्या कारकुनाला बोरू तासण्यासाठी चाकू लागे. इंग्रजांच्या पिसाच्या लेखणीलाही तसाच छोटा चाकू लागत असे, म्हणून त्यांच्या भाषेत त्याचे नावच 'पेननाइफ' पडले. मराठवाड्यातील जुन्या शेतकऱ्याच्या बंडीच्या खिशात पानतंबाखूच्या चंचीशेजारी चाकू असे. कांदा चिरणे, ऊस सोलणे, दोरी तोडणे, पायात मोडलेला काटा काढणे, ही त्याची कामे. त्याच चाकूने तो दुपारी बांधावर बसून पेरूच्या फोडी करी आणि पहिली फोड शेजाऱ्याला देई.

आमच्या पाचजणांचे चाकू पाच तऱ्हांचे. एकाकडे स्वित्झर्लंडचा तांबडा चाकू आहे. कार्ल एल्सनर यांनी १८९७ साली त्याची जी घडण सिद्ध केली, तीत पात्यांच्या जोडीला बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री काटाही होता. म्हणजे पेल्याचे आणि चाकूचे नाते आम्ही जोडलेले नाही, ते सव्वाशे वर्षांचे जुने आहे. दुसऱ्याकडे लाकडी मुठीचा ओपिनेल. जोझेफ ओपिनेल यांनी तो १८९० साली फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतात बनवला. उघडलेले पाते अवचित मिटून बोट कापू नये, म्हणून १९५५ साली त्याच्या मुठीला फिरते कडे बसवण्यात आले. याच सव्हॉयमधील ॲनेसी गावी १८३८ साली स्थापन झालेल्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकात आमच्या जिल्ह्यात आले होते. त्यामुळे त्या प्रांताचा हा साधा, गुराख्याच्या हातचा चाकू आम्हांस उगाचच आप्तासारखा वाटतो. तिसऱ्याकडे रामपुरी आहे. ज्या चाकूने त्या गावाचे नाव बदनाम केले, त्याचीच वीस फुटी प्रतिकृती रामपूरने २०२३ साली चौकात उभी केली. उरलेले दोन चाकू बाजारातले, बिननावाचे. पण धार त्यांचीच उत्तम.

पोलादी पात्याचा एक स्वभाव आहे. मोसंबी किंवा कैरी कापून ते तसेच ठेवले, तर त्यावर काळपट निळसर डाग चढतो. ते लगेच पुसावे लागते, अधूनमधून तेलाचा थेंब द्यावा लागतो, धारेच्या दगडावर हलक्या हाताने फिरवावे लागते. घाईच्या माणसाचे ते काम नाही.

नेमके हेच लहान भट्टीतल्या बिअरविषयी म्हणता येईल. बिअर म्हणजे तरी काय? जवाला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवून घ्यायचा, हॉप नावाच्या वेलीच्या फुलांनी त्याला कडवटपणा द्यायचा आणि यीस्टच्या स्वाधीन करायचे. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या आज्यांना यातील अर्धी कृती ठाऊक होती. बव्हेरियाच्या १५१६ सालच्या फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असा दंडक घातला. बेल्जियममधील ट्रॅपिस्ट मठांत आजही मठवासींच्या देखरेखीखाली बिअर तयार होते आणि तिचे उत्पन्न मठाच्या निर्वाहाला व दानधर्माला जाते.

आपल्या राज्यात या लहान भट्ट्यांची सुरुवात २००९ साली पुण्यात 'डूलाली'ने केली. या नावाचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत महिनोन्महिने अडकून पडलेले गोरे सैनिक कंटाळून भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलाली' म्हणू लागले. पुण्यातच २०१८ साली मधापासून आंबवलेले 'मीड' हे प्राचीन पेयही बाजारात आले. आता अशी पेये बाटल्यांतून आणि डब्यांतून मिळतात, आणि पुण्याला कोणी गेले की आमची यादी त्याच्या हाती असते.

गव्हाच्या बिअरबरोबर आम्ही जालन्याकडची मोसंबी चिरतो. तिच्या सालीचा वास पेल्यातल्या वासाला बिलगतो. करपवलेल्या जवाच्या काळ्या स्टाउटबरोबर मुरलेले चीज आणि गुळाचा खडा. हॉपच्या कडू बिअरबरोबर काकडी आणि पांढरा कांदा. मीडबरोबर तिखटमीठ लावलेला पेरू. चौदाव्या शतकात येऊन गेलेल्या इब्न बतूताने दौलताबादची द्राक्षे आणि डाळिंबे नावाजली होती. तीही हंगामात असतात. आमच्यातील एक स्नेही मद्य घेत नाहीत. त्यांच्यासाठी उन्हाळ्यात पन्हे आणि एरवी कोकमाचे सरबत असते, आणि सर्वांत पातळ फोडी त्यांच्याच चाकूच्या असतात.

आमचा नियम एकच आहे. चिरण्याचे सारे काम पहिल्या पेल्याबरोबर संपवायचे. मग चाकू धुऊन, पुसून मिटायचे, आणि ते मिटल्याखेरीज दुसरा पेला भरायचा नाही. तिसरा भरला जात नाही. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, परंतु सारे चाकू मिटल्याचे टकटक आवाज एकामागोमाग एक झाले, की संध्याकाळचा उत्तरार्ध सुरू झाला, असे आम्ही समजतो. उघडतो तसाच मिटतो, म्हणून तर हा चाकू खिशात बाळगता येतो. आनंदाचेही असेच असावे, असे आम्हांस वाटते.

परंतु आमच्या गावी बिअरचा पेला हाती घेणाऱ्याला एवढ्यावर थांबता येत नाही. वाळूज आणि चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींमुळे आमचे शहर देशातील बिअर उत्पादनाचे एक मोठे केंद्र बनले. सॅबमिलर कंपनीने २००६ साली फॉस्टर्सचा भारतातील व्यवसाय विकत घेतला, तेव्हा येथील कारखानाही त्यात होता. बिअर म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. शिवाय एक लिटर बिअर तयार करताना कारखान्यात तिच्या काही पट पाणी खर्ची पडते. हे पाणी पैठणच्या जायकवाडीचे. आमचे शहर मलिक अंबरच्या नहरीवर आणि पाणचक्कीवर वाढलेले. पाण्याचे मोल त्याला कोणी सांगायला नको. तरी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. त्या उन्हाळ्यात आमच्या बैठकीत पन्हेही अर्धा पेलाच होते, आणि बिअर कोणी मागितली नाही.

दुसरी आठवण पात्याची आहे. भारतातील रमचा आणि पुष्कळशा व्हिस्कीचा आधार उसाची मळी हा आहे, आणि तो ऊस तोडतो मराठवाड्याचा माणूस. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या बाजूची कुटुंबे उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. तेथे नवराबायकोच्या जोडीला माणसे म्हणून नव्हे, तर 'एक कोयता' म्हणून मोजतात. आमच्या चाकूप्रमाणे तो कोयता दुसऱ्या पेल्यापूर्वी मिटत नाही. तो मिटणाऱ्यातला नाहीच. उचल फिटेपर्यंत त्याला चालतच राहावे लागते.

हे सांगून वाचकाचा घोट कडू करावा, असा आमचा हेतू नाही. कष्टाने पिकलेल्या वस्तूचा आस्वाद घेणे हा तिचा एक सन्मानच आहे; मात्र आस्वाद घेणाऱ्याने ती कोणाच्या पाण्याची आणि कोणाच्या पात्याची, हे विसरू नये. तेवढी आठवण ठेवली, तर पेला आपोआप लहान होतो, आणि लहान पेल्याची चवही अधिक लागते. आमच्या पाचजणांत आता एक नवी रीत पडली आहे: नवी बाटली उघडण्यापूर्वी जायकवाडीत किती टक्के साठा आहे, ते कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवतो. आकडा चांगला असला, तर मोसंबी चिरायला घेतो. नसला, तर चाकू खिशातच राहतात.