ऐकणारा माणूस

३ सप्टेंबर २०१९. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात सकाळी सातच्या सुमारास पावसाच्या पाण्याच्या निचरा वाहिनीत आग लागली. चार जण गेले. त्यांतले तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या (सीआयएसएफ) अग्निशमन शाखेचे जवान, चौथे कंपनीचे. दोन तासांत आग आटोक्यात आली, गॅस हजीऱ्याकडे वळवला गेला आणि चर्चा सुरू झाली ती मुंबईला सीएनजी पुरेल का याची. आग विझवायला गेलेला माणूस मेला की आपण त्याला शहीद म्हणतो, तसबिरीला हार घालतो आणि प्रश्न विचारायचे थांबतो. ते थांबू नयेत. आत गेलेल्या माणसाचा आवाज बाहेर पोचतो का, हा त्यातला पहिला.

●

रायगडच्या या किनाऱ्यावर आग विझवणारे किती वेगवेगळे! न्हावाशेव्याच्या बंदराचे, ओएनजीसीत सीआयएसएफचे, करंजाला नौदलाचे, सिडकोचे. खाली थळला खत कारखान्याचे, नागोठण्याला पेट्रोकेमिकल प्रकल्पाचे, रोहा-धाटावला एमआयडीसीचे, शिवाय अलिबागसारख्या नगरपालिकांचे. मोठी वर्दी आली की आजूबाजूचे बंब धावतात. धावायलाच हवेत. पण प्रत्येकाचा बिनतारी सेट वेगळा, वारंवारता वेगळी, बोलायची पद्धत वेगळी. एका फाटकाशी पाच गाड्या उभ्या आणि पाचांचे पाच चॅनल, अशी वेळ कुठेही येऊ शकते. मदतीच्या करारात फोम किती, बंब किती हे लिहिलेले असते. सामाईक चॅनल कोणता, हे त्याच पानावर हवे. ते घटनास्थळी ठरवायला वेळ नसतो.

●

तोंडावर बीए सेटचा, म्हणजे श्वसनयंत्राचा, मास्क. पाठीवर ३०० बार दाबाने भरलेली हवेची बाटली. कागदावर ती चाळीस-पंचेचाळीस मिनिटे पुरते; होज ओढत जिना चढणाऱ्याला त्याहून बरीच कमी. दाब साधारण ५५ बारवर आला की शिट्टी वाजू लागते. आता या माणसाने वॉकीटॉकीवर बोलायचे आहे. हातात जाड मोजे, बटण सापडत नाही. सापडले तर दाबल्या दाबल्या बोलतो आणि पहिला शब्द कापला जातो. बटण दाबून क्षणभर थांबायचे असते, पण धुरात क्षण फार मोठा वाटतो. मास्कमधून आवाज घोगरा येतो, त्यात शिट्टी, त्यात बाहेरच्या पंपाची घरघर. ‘दुसरा मजला’ आणि ‘दुसरा जिना’ यांत फरक कळत नाही. म्हणून सेट खांद्याच्या माइकला जोडलेला हवा, माइक मास्कच्या आवाजाच्या झडपेशी धरायची सवय हवी, आणि ऐकणाऱ्याने निरोप उलट म्हणून दाखवायला हवा. हे सगळे सरावाने येते. मास्क चढवून, सेटवर बोलत केलेल्या सरावाने. नुसत्या परेडने येत नाही.

●

कोण आत गेला, किती वाजता, बाटलीत दाब किती होता, हे दाराशी फळ्यावर लिहिणारा एक माणूस. सेटवर फक्त ऐकणारा दुसरा. या दोघांना होज धरायला लावू नये, गर्दी हटवायला लावू नये, पुढाऱ्यांना माहिती द्यायलाही नाही. मनुष्यबळ कमी पडले की आधी हीच दोन माणसे काढली जातात. मला ही सगळ्यांत धोकादायक काटकसर वाटते.

●

११ सप्टेंबर २००१, न्यू यॉर्क. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या संकुलात रिपीटर बसवलेला होता, म्हणजे कमजोर लहर पकडून जोरात पुढे पाठवणारे यंत्र. उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावरच्या कन्सोलवर दोन बटणे दाबायची होती. एक दाबले गेले, दुसरे राहिले. सेटवर काही ऐकू येईना, म्हणून यंत्रच बंद आहे असे समजून तो चॅनल सोडून दिला. ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा पडला. उत्तर मनोऱ्यातल्यांना बाहेर या असा हुकूम सुटला, पण तो अनेकांना ऐकूच आला नाही. २९ मिनिटांनी तोही मनोरा पडला. त्या दिवशी त्या शहराच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. सगळे त्या बटणामुळे नव्हे. पण चौकशी आयोगाला त्या बटणाबद्दल लिहावे लागले.

●

आपल्याकडचे आकडे आपल्याला पाठ हवेत. १४ एप्रिल १९४४, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधला स्फोट: ६६ अग्निशामक. ९ मे २०१५, काळबादेवी: जळती इमारत कोसळली आणि मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. कोसळण्याआधी इमारत कधी कधी खुणा देते. तडे, भिंतीचा फुगवटा, करकर. त्या बाहेरून पाहणाऱ्याला दिसतात, आतल्याला नाही. ‘सगळे बाहेर’ हा निरोप सेटवर, आणि सेट चालला नाही तर बंबाच्या ठरलेल्या भोंग्यावर, असे दोन्ही मार्गांनी गेला पाहिजे.

●

गॅसच्या ठिकाणी साधा सेट नेऊ नये. त्याची ठिणगी पुरते. ठिणगीरोधक प्रमाणपत्राचे सेट महाग असतात. उरणच्या पट्ट्यात ते शेजारून मदतीला येणाऱ्या बंबावरही असले पाहिजेत.

●

खारा वारा सेटच्या चार्जरच्या पितळी टोकांवर हिरवा थर चढवतो. दिवा लागतो, बॅटरी भरत नाही. आठवड्याला एकदा कापडाने पुसायचे काम आहे, कोणाच्या तरी नावावर लिहिलेले असावे.

●

३ जून २०२०ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन-मुरुडकडे वीज, मोबाइल दोन्ही गेले. २२ जुलै २०२१ला तळियेत दरड कोसळली, तेव्हाही महाडचा संपर्क तुटला होता. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड. गाडीरस्ता नाही, अंधार, पाऊस, डोंगराची चढण. चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलातले एक अधिकारी हृदयविकाराने गेले. ‘मोबाइल आहे की’ हे उत्तर या जिल्ह्यात चालत नाही. डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरला स्वतःची बॅटरी हवी. आणि रिपीटरही गेला, तर सेट ते सेट थेट बोलायचा चॅनल प्रत्येक जवानाला न बघता लावता आला पाहिजे.

●

समुद्रात सोळा नंबरचा चॅनल संकटासाठी राखलेला असतो. त्याच्यावर गप्पा मारायच्या नाहीत, कान मात्र ठेवायचा. करंजाच्या तांडेलाला हे कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. जमिनीवरच्या दलांनाही असाच एक राखीव चॅनल हवा. अशक्य काय आहे त्यात? जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने एका बैठकीत नकाशा मांडून ठरेल असे काम आहे.

●

१४ एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू होतो, प्रात्यक्षिके होतात. उंच शिडी बघायला मुले घेऊन जरूर जा. जाल तेव्हा एवढे विचारा: सेट किती, माणसे किती? बंदराच्या आणि कंपनीच्या दलाशी कोणत्या चॅनलवर बोलता? मास्क लावून सेटवर बोलण्याचा शेवटचा सराव कधी झाला? उत्तर समाधानकारक नसेल, तर नगरसेवकाला पत्र लिहा.