मोतीबागेंतील छोटी आगगाडी

नागपुरास येणारा पाहुणा दीक्षाभूमि व अंबाझरीचा तलाव पाहून परततो. कडबी चौकानजीकच्या मोतीबागेकडे त्याचे पाय क्वचितच वळतात. तेथें १४ डिसेंबर २००२ पासून छोट्या आगगाडीचें संग्रहालय आहे. जुनीं इंजिनें व डबे आहेत, बाग आहे, आणि मुलांना बसवून फिरविण्यासाठीं एक चिमुकली गाडीही ठेविली आहे.

या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. मोठ्या गाडीचें साडेपांच. इतका संकोच कां? पैशासाठीं. सातपुड्याच्या चढउतारांत मोठा मार्ग न्यावयाचा म्हणजे खोल खोदाई व रुंद पूल आले. अरुंद मार्गास आखूड वळणें चालतात, म्हणून तो डोंगराच्या कुशीला धरून जातो. बंगाल-नागपूर रेल्वेनें १९०३ ते १९०५ या काळांत गोंदिया ते जबलपूर असा मार्ग घातला व १९१३ सालीं छिंदवाडा नागपुराशीं जोडलें. सावनेर, सौंसर, रामाकोना, मग भिमालगोंदीचा घाट, असा तो सुमारें १५० किलोमीटरांचा प्रवास. गाडी धांवे असें म्हणणें धाडसाचें होईल, ती चाले. पण रानांतल्या खेड्यांस बाजार, दवाखाना व कचेरी तिनेंच जवळ आणली.

परदेशांत बंद पडलेल्या मार्गांच्या पायवाटा करितात. न्यूयॉर्कांतील मालगाडीचा एक उंच मार्ग १९८० नंतर ओसाड पडला होता. २००९ सालीं तो उद्यान होऊन खुला झाला. आमच्याकडे तसें झालें नाहीं, व तें बरेंच झालें. तेथें मार्ग निरुपयोगी ठरला होता, येथें तो अपुरा पडत होता. २०१५ च्या अखेरीस छिंदवाड्याची छोटी गाडी थांबली आणि त्याच दिशेनें रुंद रूळ टाकून २०२१ सालीं मोठी गाडी थेट जाऊं लागली. मधलीं पांच वर्षें घाटांतील खेड्यांनीं आगगाडीवांचून काढलीं. मोटारीच्या भाड्यापायीं कोणाचा दवाखाना लांबला असेल, कोणाची शाळा, त्याचा हिशेब संग्रहालयांत कोठून सांपडणार?

उमरेड-भिवापुरावरून नागभीडला जाणारी छोटी गाडीही २०१९ सालीं बंद झाली. आतां ती पाहावयाची तर मोतीबागेंतच. मुलांना नेतांना घरांतल्या आजोबांनाही सोबत घ्यावें. छिंदवाड्याच्या गाडींत बसलेले आजोबा नागपुरांत अद्याप पुष्कळ घरीं आहेत.