सड्यावरचा हत्ती

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर एक हत्ती आहे. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. एवढा मोठा असूनही तुम्ही त्याच्या अगदी शेजारी उभे राहिलात तरी तो तुम्हांला दिसायचा नाही, कारण तो जांभ्या कातळात कोरून आडवा पसरलेला आहे. त्याच्या अंगात पुन्हा मासे, पक्षी, चतुष्पाद यांची दाटी. हजारो वर्षांपूर्वी कोणी कोरला आणि उभ्याने कधी पुरता न दिसणारा कशासाठी कोरला, हे कोडेच आहे. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या मंडळींनी सडे पायी तुडवून अशी कितीतरी कातळशिल्पे उजेडात आणली. २०२२ साली त्यांतली काही युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली.

असा हत्ती आकाशातूनच पाहावा, म्हणून मी ड्रोन घेऊन निघालो. परवानग्या रीतसर काढल्या होत्या. उत्साह इतका, की भर दुपारी बाराला यंत्र उडवले आणि नियमात बसते तेवढे, म्हणजे १२० मीटर, वर नेले. घरी येऊन छायाचित्रे पाहतो, तो काय! भाकरी करपावी तसा एक तपकिरी डाग. हत्ती नाहीच.

दोष यंत्राचा नव्हता. कोरीव रेघ काही सेंटिमीटर खोल; डोक्यावरच्या उन्हात तिला सावली कुठून पडणार? आणि सावली नाही तर रेघ नाही. उंचीचा मोहही असाच फसवा.

पौषात पुन्हा गेलो. या खेपेला आदल्या दिवशी वाटेत देवाचे गोठणे गाठले. तिथल्या कातळशिल्पावर होकायंत्राची सुई उत्तर सोडून भलतीच दिशा दाखवते. हे मला ऐकून ठाऊक होते. पण ड्रोनच्या पोटातही होकायंत्र असते, हे डोक्यात आले नाही. कातळावरूनच उडवले. यंत्र जागच्या जागी स्थिर राहीना, भोवऱ्यासारखे गिरक्या घेत सरकू लागले. खाली शिल्प, वर माझे यंत्र! ते शिल्पावर आदळले असते तर? कसेबसे बाजूच्या गवतात उतरवले. चार पात्यांपैकी एक मोडले, त्याचे काही वाटले नाही.

कशेळीला मग शहाणपणाने वागलो. कातळापासून दूर, एका लाकडी स्टुलावरून यंत्र उडवले. सकाळी सूर्य जेमतेम वर आलेला. समुद्राचा वारा सुटायला अजून अवकाश. उंची फक्त २० मीटर, कॅमेरा सरळ खाली. तिरका धरला की हत्तीचे डोके लहान आणि पाय मोठे होतात. कातळ काळपट असल्यामुळे कॅमेरा आपण होऊन चित्र फिके करतो, म्हणून उजेड थोडा कमी केला. एक गंमत लक्षात ठेवा: बघ्यांना सूर्याच्या विरुद्ध बाजूला उभे करायचे, नाहीतर त्यांच्या लांबच लांब सावल्या हत्तीवर पडतात.

तरीही काही रेघा हरवल्या. ज्या रेघेच्या दिशेनेच ऊन येते ती उजळते आणि बुजते. म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो. पौषात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. त्यामुळे सायंकाळचे ऊन वेगळ्या कोनातून आले आणि सकाळच्या हरवलेल्या रेघा एकेक करून वर आल्या.

तेवढ्यात गावातले एक आजोबा आले. "काय दिसतं का हो ह्यात?" असे विचारून पडद्यात डोकावले, पण मावळत्या उन्हात पडदा नुसता चकाकत होता. मी माझा टॉवेल दोघांच्या डोक्यावरून घेतला. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत.

"ह्ये सोंड म्हणायची?"

"होय, आजोबा."

"आणि ती काळी खूण दिसते, ती आमची जुनी पाऊलवाट. म्हणजे इतकी वर्षं आम्ही गुरं घेऊन ह्याच्या पोटावरनं चाललो की काय!"

बॅटरी २० टक्क्यांवर आल्याची सूचना वाजत होती. आजोबा म्हणाले, "थांबा जरा, शेपूट बघू दे."