जुंपून पाहावा

बैल विकत घेताना माणूस जितका शहाणा असतो, तितका तो आयुष्यात पुन्हा कधीच नसतो. तो बैलाचे दात मोजतो, खूर उचलून पाहतो, शेपटी पिरगाळतो आणि एवढे करूनही समाधान झाले नाही तर सरळ जुंपून पाहतो. तोच माणूस कचेरीसाठी कॉम्प्युटर घ्यायला निघाला की दात, खूर, शेपटी सगळे विसरतो आणि विचारतो, "यात काळा सोडून दुसरा रंग नाही का?"

गोंदियातल्या ज्या संस्थेत मी नोकरी करतो, तिथे व्हिडिओ संपादनासाठी एक कॉम्प्युटर घ्यायचा होता, त्याची ही कथा.

आमचा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. १ मे १९९९ला तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण तलावांच्या कीर्तीची वाटणी झालीच नाही. 'तलावांचा जिल्हा' म्हणून दोघेही मिरवतात. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की बांधीत वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाया गाणी म्हणतात. ती जुनी गाणी येणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्या, म्हणून संस्थेने अर्जुनी-मोरगावकडच्या एका गावी पाच जणींची गाणी चित्रित केली. चांगले चाळीस तासांचे चित्रण झाले. निघताना त्यांच्यातल्या सर्वांत वडील आजीने विचारले, "आमचा शिनेमा कवा दाखवता जी?"

"दिवाळीत," साहेब म्हणाले. कोणत्या, ते बोलले नाहीत. साहेब होण्यासाठी जी दूरदृष्टी लागते, ती हीच.

संस्थेतला जुना कॉम्प्युटर रजेचे अर्ज टाइप करण्यासाठी जन्माला आला होता. त्याच्यावर संपादन करणारा आमचा तांत्रिक सहायक म्हणजे विशीतला, अत्यंत सोशिक मुलगा. एक कात्री मारावी आणि चहाला जावे. परत आल्यावर ती कात्री लागलेली असली तर आनंद मानावा. तयार तुकडा बाहेर काढायचा तर पडद्यावर एक निळी पट्टी सरकू लागे. ती अशा गतीने सरके की, पोराने तिला 'महाराष्ट्र एक्स्प्रेस' नाव दिले होते. कोल्हापूरहून निघालेली ही गाडी एका दिवसाहून जास्त वेळ घेऊन गोंदियाला टेकते. मी सकाळी विचारायचो, "कुठवर आली?" तो म्हणायचा, "मनमाड सोडलं, सर." संध्याकाळी भुसावळ येई. आणि बडनेऱ्याच्या आसपास वीज गेली की गाडी पुन्हा कोल्हापूरला!

शेवटी नवा कॉम्प्युटर घ्यायचे ठरले आणि समिती नेमली गेली. समितीत तो वापरणारा मुलगा सोडून सगळे होते. साहेबांना पडदा मोठा हवा होता, कारण पाहुणे आले की दिसला पाहिजे. बडेबाबूंना तीन दरपत्रके हवी होती आणि त्यांतले सर्वांत कमी. तीन दुकानांची तीन दरपत्रके आली. तिन्हींत 'प्रोसेसर' हा शब्द एकाच पद्धतीने चुकलेला होता. सर्वांत स्वस्त यंत्रात साठवणीची जागा होती ५१२ जीबी.

मुलाने पाटीवर हिशेब मांडावा तसा कागदावर मांडला. आमच्या कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट. म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. चाळीस तासांचे झाले १,८०० जीबी. "५१२ मध्ये कसं बसवू, सर?"

"घडी करून," बडेबाबू म्हणाले. त्यांनी आयुष्यभर फायली कपाटात बसवल्या होत्या.

"आणि सॉफ्टवेअरचं काय?" साहेबांनी विचारले.

"दाविंची, सर. फुकट मिळतं."

"दाविंची तर १५१९ मध्येच वारला," साहेब म्हणाले. "त्याचं दरपत्रक कुठून आणणार?"

मग साहेबांनी ठेवणीतला बाण काढला. "दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्यांच्याकडे कुठे कॉम्प्युटर होता?"

नव्हता. पण फाळके १९१२ साली स्वतः लंडनला गेले आणि तिथे त्यांनी कॅमेरा विकत घेतला. त्यासाठी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. घरी त्यांच्याकडे सरस्वतीबाई होत्या. फिल्मला भोके पाडण्यापासूनची कामे करणारे तसले माणूस आजच्या कुठल्याच कंपनीच्या यादीत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, हरिश्चंद्राच्या आधी फाळक्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना टिपले आणि ते दाखवून चित्रपटासाठी पैसे उभे केले. म्हणजे त्यांनीसुद्धा यंत्र आधी जुंपून पाहिले होते.

हा मुद्दा मला सुचला नाही. तो सुचला आमच्या शिपाईमामांना. तीन एकर धानाची शेती सांभाळून ते आम्हालाही सांभाळतात. चहाचे कप ठेवता ठेवता ते म्हणाले, "साहेब, बैल का कागदावर पाहून घेतात जी?"

सभेत शांतता पसरली. मुलाला एकाएकी वाचा फुटली. त्याने मामांना समोर बसवले आणि कॉम्प्युटर समजावून सांगितला. तसा तो आजपर्यंत मला कोणीच सांगितला नव्हता.

प्रोसेसर म्हणजे नांगराची बैलजोडी, जोर तिचाच. पण चित्राचा पडदा म्हणजे मोठी बांधी. लाखो ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एक पऱ्हा. तिथे बैलजोडी काय करणार? तिथे रोवणीच्या बाया लागतात, एका ओळीत वाकलेल्या, एकाच वेळी लावणाऱ्या. ते काम ग्राफिक्स कार्डाचे. आणि त्याची स्वतःची ८ जीबी तरी मेमरी हवी. रॅम म्हणजे खळे. खळे लहान असले की भारे आत-बाहेर करण्यातच दिवस जातो. म्हणून ३२ जीबी. डिस्क म्हणजे धानाची कोठी. जुनी फिरती डिस्क सेकंदाला दीडएकशे एमबी देते आणि नवी एनव्हीएमई तीन हजारांच्या वर. तेव्हा हाताशी चालू कामापुरती वेगवान कोठी ठेवायची आणि बाकीचे पीक मोठ्या स्वस्त डिस्कवर साठवायचे, तेही दोन प्रतींत.

"कोठीले उंदीर लागते, म्हनून?" मामांनी विचारले.

"हो. डिस्कलाही लागतो."

यानंतर पेन ड्राइव्हवर आजीच्या गाण्याचे एक मिनिट घेतले आणि मी, मुलगा व मामा दुकाने फिरायला निघालो. पहिल्या दुकानातल्या यंत्राच्या पोटात लाल, निळे, हिरवे दिवे फिरत होते; गणपतीच्या मखरात शोभले असते. पण गाणे सुरू झाले आणि आजीचा हात चिखलात गेला तो तिथेच अडकला. सूर पुढे, हात मागे. मामा म्हणाले, "झूल चांगली हाय." दुसऱ्या दुकानदाराने पेन ड्राइव्ह लावूच दिला नाही. मामा बाहेर आले आणि म्हणाले, "दात पाहू देत नाही, त्याचा बैल म्हातारा समजावा."

तिसऱ्या दुकानात एक काळा, बिनदिव्यांचा ठोकळा होता. त्याच्यावर आजीचा हात चिखलात गेला, पऱ्हा रोवून वर आला, पुन्हा गेला. मुलाने चित्र मागे नेले, पुढे नेले, तीन थर चढवले, रंग बदलले. हात कुठे अडखळला नाही. मामांनी ठोकळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "गरम नाही झाला," ते म्हणाले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा हवा खेळती राहणारी पेटी ही चैन नव्हे. वीज गेल्यावर काम जपून बंद करण्यापुरता यूपीएसही तिथेच घेतला. बडेबाबूंसाठी तीच यादी लिहून नवी तीन दरपत्रके मागवली; या वेळी कमीत कमी दर आणि हवे ते यंत्र यांची पत्रिका जुळली.

एवढे होईतो दोन दिवाळ्या गेल्या होत्या.

चित्रपट मात्र दीड महिन्यात तयार झाला. गावच्या शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून तो दाखवला. पाच जणींपैकी पाहायला चौघीच आल्या. पाचवी चादरीवर आली. चिखलात गुडघाभर उभी राहून सगळ्यांत खणखणीत तीच गात होती. बाया बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग वडील आजी पुढे सरकली आणि चादरीवर बोट ठेवून ठसक्यात म्हणाली, "हिची वळ पहा. पहिल्यापासून वाकडीच लावे!"

सगळ्या हसल्या आणि डोळे पुसू लागल्या. मुलगा ज्या काळ्या ठोकळ्यामागे बसला होता, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. मामा मला हळूच म्हणाले, "बैल बराबर निघाला जी."