११ हजार फुटांवरचे घोडे

एकाच ट्रकात दोन इंजिनं मिळतात आणि दोन्हींपुढे कंपनीने छापलंय: ४०० हॉर्सपॉवर. एक पाच लिटरचं व्ही-एट, आठ सिलिंडरचं, जुन्या वळणाचं. दुसरं साडेतीन लिटरचं, सहाच सिलिंडर, पण दोन टर्बो लावलेलं. फोर्ड त्याला इकोबूस्ट म्हणते. एफ-१५० घ्यायला गेलात की विचारतात, यातलं कुठलं हवं? घोडे सारखे, मग फरक कशाचा? या एका प्रश्नाने गेले काही आठवडे माझी झोप उडवली आहे, आणि मी इतकी खूश आहे की विचारू नका!

झालंय असं, की आम्ही डेन्व्हरकर मंडळींनी शेजारच्या आजोबांकडून त्यांचा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. तीस फूट लांब, आत ओटा, फ्रिज, मोरी, मुलांसाठी बंक बेड. चाकांवरचा वन बीएचकेच. पाणी, भांडीकुंडी, सायकली भरल्या की वजन ९ हजार पौंड, म्हणजे चार टनांच्या वर. आमची गाडी तो जागचा हलवूही शकत नाही. तेव्हा पिकअप ट्रक घेणं आलं, आणि तो शोधण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याने आधीच रंगांच्या चकत्या बघायला घेतल्या होत्या.

तर ते ४०० घोडे. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५२५२. बस्स, एवढंच! शाळेत हे कुणी ट्रेलर दाखवून शिकवलं असतं तर मी मेकॅनिकलला गेले असते. व्ही-एट आपले ४०० घोडे ६००० आरपीएमला देतं, म्हणजे इंजिन बोंबलायला लागल्यावर. त्याचा सगळ्यात जास्त टॉर्क ४१० पौंड-फूट, तोही ४२५० ला. इकोबूस्ट मात्र ३१०० लाच ५०० पौंड-फूट देऊन मोकळं. करा गुणाकार: ३१०० ला २९५ हॉर्सपॉवर हातात! रिकाम्या ट्रकात हा फरक कळणारही नाही. मागे चार टन लावले आणि समोर चढ आला, की एक इंजिन सारखे गिअर खाली टाकत ओरडत राहतं आणि दुसरं तुमच्याशी बोलत बोलत चढतं.

आणि चढ तरी कसला! डेन्व्हर ५,२८० फुटांवर. तिथून पश्चिमेला आय-७० धरला की रस्ता आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो तो ११ हजार फुटांच्या वर. पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्के उतार, आठेक मैल. येताना तोच चढ. मी वही काढली. ७ हजारांचा ट्रक आणि ९ हजारांचा ट्रेलर, मिळून १६ हजार पौंड. ७ टक्के चढावर ताशी ६० मैलांनी न्यायचे, तर निव्वळ वर उचलायलाच सुमारे १८० हॉर्सपॉवर लागतात. वाऱ्यात भिंतीसारखं उभं राहणारं ट्रेलरचं तोंड आणि टायरचं घर्षण, त्याचे आणखी पाऊणशे तरी धरा. गिअरबॉक्समध्ये आणि एक्सलमध्ये थोडे हरवतात. म्हणजे इंजिनाला पावणेतीनशेच्या वर घोडे द्यावे लागणार, आणि क्षणभर नाही, आठ मैल सलग.

आता खरी गंमत. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना जवळजवळ ३ टक्के दम गमावतं, कारण वरती हवाच विरळ. बोगद्याशी पोचेपर्यंत एक तृतीयांश घोडे वाटेतच राहिले! त्या व्ही-एटच्या ४०० मधले २७० च्या आसपास उरले, तेही इंजिन ६००० ला किंचाळत असेल तर. टर्बो विरळ हवा दाबून दाबून सिलिंडरात कोंबतो, त्यामुळे त्या इंजिनाला उंची पूर्ण नाही तरी बरीचशी माफ असते. शोरूममधल्या तक्त्यात हे कुठे लिहिलेलं नसतं. तो तक्ता समुद्रसपाटीवर राहणाऱ्या माणसाचा.

मी हे सगळं धापा टाकत आजोबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, चल, बस. त्यांच्याकडे रॅमचा मोठा ट्रक आहे आणि त्याच्या दारापाशी अक्षरं: कमिन्स. अहो, मी कोथरूडची! कमिन्स म्हणजे माझ्या लेखी आमच्या भागातला कारखाना, सोसायट्यांचे जनरेटर आणि कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज. किर्लोस्कर कमिन्स पुण्यात आलं १९६२ साली, आणि मूळ कंपनी इंडियानातल्या कोलंबस गावची, १९१९ पासूनची. १९८९ च्या मॉडेलपासून त्यांचं डिझेल डॉजच्या, म्हणजे आजच्या रॅमच्या, पिकअपमध्ये बसायला लागलं: १६० हॉर्सपॉवर, ४०० पौंड-फूट. आज त्याच वंशातलं ६.७ लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन १०७५ पौंड-फूट देतं, आणि तेही १८०० आरपीएमला. परत तो गुणाकार करा. १८०० ला ३६८ हॉर्सपॉवर! मी हा आकडा गाडीत मोठ्याने म्हटला. आजोबांना त्याचं काहीच वाटलं नाही.

ट्रेलर मागे, बोगदा समोर, आणि काटा दोन हजारांच्या जरा पुढे सरकून तिथेच. ना धडपड, ना गिअरांची उलथापालथ. एक खोल घुर्र आवाज तेवढा. आम्ही डाव्या लेनने चढत होतो, मी खिडकीतून मागे पडणाऱ्या गाड्या मोजत होते आणि लहान मुलासारखी ओरडत होते.

पण माझा जीव खरा जडला तो उतारावर. आजोबांनी डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं, ब्रेकवरून पाय काढला आणि हात मांडीवर ठेवला. एक्झॉस्ट ब्रेक! टर्बोच्या आत धुराची बाहेर पडायची वाट अरुंद होते आणि इंजिन स्वतःच कोंडलेल्या हवेशी झुंजत १६ हजार पौंड अडवून धरतं. या उतारावर बाजूला खडीच्या चढत्या वाटा काढून ठेवल्यात, ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांसाठी. त्यांच्या पाट्या वाचत आम्ही ब्रेकला जवळपास न शिवता खाली आलो. पेट्रोल इंजिनही खालच्या गिअरमध्ये गाडी रोखतं, नाही असं नाही, पण हा प्रकार निराळाच. माझ्या मते चढावर इंजिनाची हौस कळते, लायकी उतारावर.

मग कंपन्यांचे ओढण्याचे आकडे कुठून येतात, याच्या मागे लागले आणि तिथेही खजिना! एसएई जे२८०७ नावाची प्रमाण चाचणी आहे. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, ११ मैलांहून थोडा जास्त, बाहेर १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण जोरात, मागे कमाल वजन. आणि मागे दोनच चाकं असलेल्या ट्रकने ताशी ४० मैलांखाली यायचं नाही. शिवाय १२ टक्के चढावर थांबून पुन्हा सुटायचं, पुढेही आणि मागेही. कुणी माणसाने बसून हे नियम लिहिले, एसीसकट, याचंच मला कौतुक वाटतं.

आणि या सगळ्या आकड्यांचा बाप ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. पिवळ्या पट्टीचं स्टिकर: माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती, किलो आणि पौंड दोन्हीत. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकवरच पडतो. आमच्या ९ हजारांचे १३ टक्के धरले तर ११७०. हिचचं धूड शंभरेक. आम्ही चौघं आणि खाऊचे डबे, ६०० धरा. झाले १८७०! सजवलेल्या एफ-१५० च्या दारावर साधारण सोळाशेच्या आसपास लिहिलेलं सापडतं. जाहिरातीत १३ हजार पौंड ओढणारा ट्रक आमच्या ९ हजारांनाच हात टेकतो, आणि त्यात बिचाऱ्या इंजिनाचा काही दोष नाही.

म्हणजे आमच्यासाठी इकोबूस्ट बाद, सगळं प्रेम असूनही. वरच्या वर्गात फोर्डचं ७.३ लिटरचं पेट्रोल व्ही-एट आहे, २०२० साली आलेलं, बिडाचा ब्लॉक, साधी रचना, वर्षातून दोनदा सपाटीवर ट्रेलर नेणाऱ्यासाठी उत्तम. मी कॅन्ससमध्ये राहत असते तर दुसरीकडे बघितलंच नसतं. डिझेलला साधारण दहा हजार डॉलर वर मोजावे लागतात, युरियाची टाकी भरत राहावी लागते, आणि ते इंजिनच शेकडो पौंड जड असल्याने दारावरच्या स्टिकरमधून तेवढं वजन खातं. त्यावरचा तोडगा आजोबांनी सांगितला: रॅमचा २५०० घेण्याऐवजी ३५०० घे. तेच इंजिन, मागे तीच दोन चाकं, फक्त स्प्रिंग दणकट आणि किमतीत फरक थोडासा. तर ३५००, डिझेल, एक्सल रेशो ३.७३.

हा ट्रक दूध आणायला मात्र नेता येणार नाही. छोट्या फेऱ्यांत डिझेलचा धूर गाळणारा फिल्टर नीट तापत नाही आणि काजळीने भरतो. म्हणून छोटी गाडीही राहणार. नवरा सध्या टेप घेऊन ड्राइव्हवे मोजतोय, कारण ट्रकच वीस फुटांचा आहे आणि ट्रेलर तीस.