बिननावाचा ओढा

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ओढ्याच्या बाबतीत असा निषेध कोणी केलेला नाही. कारण त्याचे मूळ विचारावे असे कोणाला वाटलेच नाही. कृष्णेला आपण माई म्हणतो, बारा वर्षांनी तिच्या काठी कन्यागताचा सोहळा भरतो. पण तिला पाणी आणून देणाऱ्या ओढ्याला कोणी साधे नावही धड देत नाही. ज्याच्या मळ्याजवळून तो जातो त्याचे नाव त्याला तेवढ्यापुरते चिकटते, आणि बांध ओलांडला की तेही सुटते.

आष्ट्याच्या शिवारातून हिंडताना मात्र मला नेहमी वाटते की, या मुलुखाची घडण नदीकाठी समजत नाही, ती ओढ्याकाठी समजते. गावाच्या ईशान्येस कृष्णा आणि दक्षिणेस वारणा. दोघींच्या मधली ही भुई इतकी सपाट दिसते की, तिला उतार आहे हे डोळ्यांना पटत नाही. पण पाणी फसत नाही. घराला जसे आढे आणि दोन बाजूंना पाखी, तशीच या भूमीची ठेवण आहे. एका पाखीवरचा थेंब कृष्णेकडे जातो, दुसरीवरचा वारणेकडे. आणि ताटातूट झालेले हे थेंब सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर पुन्हा भेटतात. ओढे म्हणजे या छपराच्या पन्हळी होत.

नदी आणि ओढा यांत आणखी एक भेद आहे. नदी दूर सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस घेऊन येते. ओढा केवळ आपल्या शिवारावर पडलेला. म्हणून नदी परक्याची वार्ता सांगते आणि ओढा घरची. पावसाळ्यात गढूळ होऊन धावणे आणि उन्हाळ्यात कोरडे पडणे, हाच त्याचा पूर्वापार धर्म होता.

आता कित्येक ठिकाणी तो वैशाखातही ओला दिसतो. पाहुण्याला हे सुलक्षण वाटेल. जाणत्या शेतकऱ्याला वाटत नाही. उपसा सिंचनाने नदीचे पाणी वर चढले, उसाला ते पाटाने सढळ हाताने मिळू लागले. भारी काळ्या मातीतून पाण्याचा निचरा मंद. त्यामुळे भूजल वर येते, आपल्याबरोबर क्षार आणते, पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. कृष्णा-वारणेच्या काठी अशा चोपण आणि खारवट झालेल्या जमिनी थोड्याथोडक्या नाहीत. दुष्काळाने मारलेले शेत पुढच्या मृगाला पुन्हा जिवंत होते. पाण्याने मारलेले इतक्या सहज होत नाही.

यावर उपाय आहेत. चर खणावेत, जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालाव्यात, जिप्सम टाकून क्षार धुऊन काढावेत. परंतु धुतलेले क्षार जायचे कोठे? अखेरीस ओढ्यातच. तो बुजला असेल तर वरच्या शेतातले सारे श्रम आणि सारा खर्च व्यर्थ.

आणि नेमका तोच बुजत चालला आहे. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे नदी, ओढे, नाले यांचे पात्र सरकारच्या मालकीचे आहे. पण सरकारचे म्हणजे कोणाचेच नव्हे, हा आपला जुना समज. मग दरसाल दोन सऱ्या ओढ्याकडे सरकतात, कोठे भराव पडतो, आणि गावाच्या नकाशावरची वळणदार रेघ प्रत्यक्षात उसात शोधावी लागते.

२००५, २०१९ आणि २०२१ साली या खोऱ्याने महापूर पाहिले. तशा वेळी फुगलेली नदी ओढ्याचे तोंड अडवते. एवढेच नव्हे, तिचे पाणी त्याच वाटेने उलटे आत शिरते. नदी ओसरू लागली की शिवारात तुंबलेल्या पाण्याला बाहेर पडायलाही तीच वाट.

बांधाच्या वीतभर जागेसाठी भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. ओढा कोर्टात जात नाही. तो पावसाळ्याची वाट पाहतो.