चुन्यातली नीळ

मुक्ताईनगरला हायवेलगत हार्डवेअरचं एक दुकान आहे. तिथे रंग कालवायचं मशीन आलं आहे. शेड कार्डवरचा नंबर सांगायचा, संगणक हिशेब करतो, पांढऱ्या बेसच्या डब्यात दोन-चार रंगांच्या बारीक धारा पडतात आणि झाकण लावून डबा दुसऱ्या यंत्रात गदागदा हलतो. लक्ष अडकतं ते मात्र शेजारच्या फळीवर. तिथे सँडपेपर आणि कुंचल्यांच्या मधोमध निळीच्या पुड्या अजून विकायला ठेवलेल्या असतात. शेकडो छटा देणाऱ्या यंत्राच्या बगलेत ही एकच छटा, तीही चिमटीने घालायची.

काउंटरवर एक जोडपं शेड कार्ड उलगडून बसलेलं. नवं बांधकाम, पुट्टी घासून झालेली, प्रायमरचा एक हात बसलेला. आता बेडरूमचा रंग ठरवायचा. त्याला हळदीकडे झुकणारा पिवळा हवा होता, तिला आकाशी.

‘अहो, मे महिन्यात पिवळ्या खोलीत झोपायचं? बाहेर ऊन कमी आहे का?’

‘आकाशी दवाखान्यासारखा दिसतो.’

तेवढ्यात मोबाइलच्या स्पीकरवरून सासूबाईंनी निकाल दिला, ‘पिवया नको अन् निया नको. पांढराच द्या.’ तो गप्प होऊन रस्त्याकडे पाहू लागला. आळंदीला ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले, तेव्हा मुक्ताईने अभंगांमागून अभंग म्हणून त्यांना बाहेर यायला लावलं. तिच्याच नावाच्या गावात नवऱ्याने भिंतीच्या रंगावरून तोंड फिरवावं, हे काही बरं नाही.

दोघांचं भांडण होतं ते दोन बोटं रुंदीच्या चौकोनावर. कार्डावरचा फिका पिवळा चार भिंतींना लागला की भिंती एकमेकींवर तो रंग फेकतात आणि खोली ठरवल्यापेक्षा गडद होऊन बसते. शिवाय बेडरूम पाहिली जाते रात्री, दिव्यात. पिवळट एलईडीखाली आकाशी राखाडी पडतो, पांढऱ्याफटक ट्यूबखाली हळदी आजारी दिसतो. म्हणून जाणता पेंटर भिंतीवर हातभर पट्टा ओढून देतो आणि म्हणतो, दुपारी बघा, रात्री बघा, मग बोला. त्याचं सहसा कोणी ऐकत नाही.

आणि तिचा उन्हाचा मुद्दा? भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा आतली भिंत निळी केल्याने खोली एका अंशानेही थंड होत नाही. थंडावा डोळ्यांना वाटतो तेवढाच. उन्हाचं खरं काम गच्चीवर चालतं. तिथे एप्रिलमध्ये पांढऱ्या चुन्याचा जाड हात दिला तर ऊन परत फिरतं आणि स्लॅब कमी तापतो. शेड कार्डच्या गुळगुळीत पानांवर याचा उल्लेख नसतो. सासूबाईंच्या पांढऱ्याला तेवढा तरी मान द्यायला हवा.

खरं तर सासूबाईंच्या लग्नात हा प्रश्नच उभा राहिला नसणार. खानदेशातल्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंती होत्या, वर मातीचंच सपाट छत होतं; नवरा-बायकोची म्हणून वेगळी खोली बहुतेकांना नव्हतीच. उन्हाळ्यात निम्मं घर धाब्यावर झोपायचं. दिवाळीआधी चुनकळी भिजायला पडे, पिंपातलं पाणी रटरटून उकळे, निवल्यावर त्यात नीळ पडे, आणि काथ्याच्या कुंच्याने सगळं घर एकाच रंगाचं होई. कोणी कोणाला विचारत नसे. ती निळसर भिंत डोळ्यांना फार गोड लागायची. आजच्या ‘ऑफ-व्हाइट’ नावाच्या भित्र्या रंगापेक्षा कितीतरी गोड.

निळीची ही कोरडी पूड म्हणजे अल्ट्रामरीन. नाव निळीचं असलं तरी नीळ नावाच्या झाडाशी हिचं नातं नाही. अल्ट्रामरीन मूळचा दगडातला रंग, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्दी दगडाचा. इतका महाग की १८२४ साली पॅरिसच्या एका उद्योगसंस्थेने तो कारखान्यात बनवून दाखवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं. १८२८ मध्ये ते झाँ-बातिस्त गिमे याने पटकावलं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवले की राजेरजवाड्यांचा निळा हाती येतो. मग तो इतका स्वस्त झाला की धुण्याच्या बादलीत पडला. चुन्याशी त्याचं जमतंही छान. प्रशियन निळा चुन्याच्या दाहाने बिघडतो, हा टिकतो. आम्लापुढे मात्र याचा रंगच उडतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. पिवळट चुन्यात चिमूटभर निळा पडला की पिवळेपणा मारला जातो आणि पांढरा अधिक पांढरा दिसतो.

तोच लाजवर्दी दगड पाचव्या शतकात अजिंठ्याला पोचला होता. जळगावपासून साठेक किलोमीटरवरच्या त्या भिंतींवर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी हे सगळं आसपासचं. लांबून आणलेला रंग एकच, निळा. सतराव्या लेण्यात राजपुत्र विश्वंतर आणि माद्री महालात शेजारी-शेजारी बसलेत, आणि वनवासात जावं लागणार हे तो तिला सांगतोय. रंगवलेल्या भिंतीवर नवरा-बायकोचं इतकं अवघड बोलणं क्वचितच कोणी काढलं असेल.

या भिंतींचे रंग जुळवण्यात रॉबर्ट गिलचं आयुष्य गेलं. कंपनी सरकारने १८४४ मध्ये या कॅप्टनला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. अजिंठा गावात पारो नावाच्या बाईशी त्याची सोबत जुळली. १८५६ मध्ये ती गेली, तिची कबर त्याने बांधली. त्याने काढलेली मोठी तैलचित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली होती, १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. अजिंठ्याच्या रंगांना विलायतेची हवा मानवली नाही, असंच म्हणायचं.

गिलने चित्रांच्या जोडीला कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ साली वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याच्याबरोबर त्याचं लेण्यांच्या छायाचित्रांचं पुस्तक निघालं. त्या काळच्या ओल्या काचेला लाल-पिवळं जवळजवळ दिसतच नसे. गेरू काळा उमटे आणि निळा उमटे पांढरा. १८७९ मध्ये गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे, मुक्ताईनगरहून एसटीने तासाभरात पोचता येतं.